परत गेलेलं काम

टॅक्सी गेटातून आत आली, पण उतरलेली बाई ऑफिसकडे न येता सरळ भंगाराच्या ढिगाकडे गेली.

मी पायऱ्यांवर गुलाबाचं फूल घेऊन उभी होते. परदेशी पाहुणे आले की फूल देऊन त्यांचं स्वागत करायची आमच्या फौंड्रीत पद्धत होती. बाई पन्नाशी उलटलेली, उंच, खांदे जरा पुढं आलेले, पायात जाड तळव्याचे बूट. नवखा माणूस फौंड्रीत आला की पाय कुठं ठेवू या विचारात पडतो. ती पडली नाही. गुडघ्यात वाकून तिनं ढिगातलं एक फुटकं कास्टिंग, म्हणजे लोखंडाचा ओतीव भाग, दोन्ही हातांनी उचललं. वजन उचलायची सवय असलेली माणसं उचलतात तसं. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ते होतं तिथं ठेवून दिलं.

मी वर बघितलं. पहिल्या मजल्यावरच्या काचेमागं आवटीसाहेब उभे होते. तिला आत आणा, असं त्यांनी हातानं खुणावलं.

कागलजवळच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत भैरवी कास्टिंग्ज नावाची ही फौंड्री होती आणि अजितराव आवटी तिचे मालक. मी पद्मजा मगदूम, तिथं तपासणी विभागात होते. तयार कास्टिंग मोजून, ठोकून, आवाज ऐकून पास करायचं आणि त्याचे कागद इंग्रजीत तयार करायचे, हे माझं काम. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती आणि अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक चालू होती. त्या निवडणुकीशी माझा काही संबंध येईल असं आदल्या दिवशीपर्यंत मला वाटलं नव्हतं.

आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मगदूम बाई, उद्या एक अमेरिकन पत्रकार येतीय. रूथ एकर्ट. तीन दिवस आहे. तुम्ही तिच्याबरोबर राहायचं."

"आपल्याकडं कशाला येतीय?"

साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. एक गोरा, रुंद चेहऱ्याचा माणूस हजारो लोकांपुढं भाषण करत होता. तो एका राज्याचा गव्हर्नर, टॅलमन नावाचा, अध्यक्षपदासाठी उभा होता. माझ्या राज्यात मी कारखाने परत आणले, असं तो सांगत होता. बोलता बोलता त्यानं टेबलावरची एक जड वस्तू दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. लोक उठून टाळ्या वाजवू लागले.

"हे काम भारतात गेलं होतं," तो म्हणाला. "मी ते घरी आणलं. चारशे बारा नोकऱ्या."

त्याच्या हातात मॅक्रिडी कंपनीच्या पंपाची बॉडी होती. त्या बॉडीला खालच्या बाजूला एक उंचवटा असतो, तो घासताना आमच्याकडं जरा तिरका घासला जायचा. मी तो कैक वेळा पास केला होता. तिरकेपणा मला पडद्यावरसुद्धा दिसला.

"फेब्रुवारीत मॅक्रिडीनं आपली ऑर्डर थांबवली," साहेब म्हणाले. "खरं का खोटं?"

"खरं."

"शहाऐंशी माणसं घरी बसली. खरं?"

"खरं."

"एवढंच सांगायचं. तिला हेच ऐकायचंय. गव्हर्नर खरं बोलतोय असं लिहील आणि जाईल."

"पुढचं विचारलं तर?"

"विचारायला तिला काही दिसलं तर विचारेल."

पुढचं असं होतं. जून महिन्यात तेच ड्रॉइंग, तोच पंप, दुसऱ्याच एका देशातल्या व्यापाऱ्याच्या नावानं परत आमच्याकडं आला. अट एकच होती. कास्टिंगवर 'इंडिया' ही उठावदार अक्षरं असायची, ती नकोत. ज्या लाकडी नमुन्याचा ठसा वाळूत घेऊन साचा करतात त्या पॅटर्नवरची पितळी अक्षरं आमच्या ईश्वरा मिस्त्रींनी काढली, खालची भोकं लांबी म्हणजे पुट्टी भरून बुजवली, आणि शहाऐंशी माणसं परत कामावर आली. त्यातला एक सुकुमार, माझा धाकटा दीर. काम नव्हतं त्या साडेतीन महिन्यांत तो मार्केट यार्डात पोती उचलायला जात होता, आणि घरात सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय पानावर बसत नव्हता. आम्ही कुणी त्याला काही बोललो नव्हतो, तरी.

"नको म्हणून सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"तर ती गेटबाहेर उभी राहून चहाच्या टपरीवर विचारत बसली असती. त्यापेक्षा आत घेतलेली बरी. पंपाची लाइन तीन दिवस बंद ठेवतोय. माणसांना घरी थांबायला सांगितलंय. हे फुटलं तर मॅक्रिडी दुसऱ्या दिवशी हात झटकेल. मग ही माणसं कायमची गेली."

तर ती रूथ एकर्ट आता माझ्यासमोर उभी होती. तिनं फूल घेतलं, वास घेतला, आभार मानले. चहा नको म्हणाली. आधी कारखाना दाखवा.

बंद लाइनवर आम्ही गेलो. साहेबांनी सगळं झाडून घेतलं होतं. साच्यांच्या पेट्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, दिवे बंद होते. रूथनं चारी बाजूंनी बघितलं आणि वाळूच्या ढिगाजवळ जाऊन कोपरापर्यंत हात आत घातला.

"गरम आहे," ती म्हणाली.

वापरलेली वाळू आतून दीड-दोन दिवस गरम राहते. मला माहीत होतं. तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"पत्रा तापतो इथला," मी म्हणाले.

तिनं वर छपराकडं बघितलं, हात झटकला आणि वहीत काहीतरी लिहिलं. बातमीदार लोक ऐकताना लिहितात. ही ऐकून घ्यायची, गप्प राहायची आणि मग लिहायची. मला ती पहिल्यापासूनच बरी वाटली नाही.

पॅटर्न शॉपमध्ये ईश्वरा मिस्त्री रंधा मारत बसले होते. वय झालेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. रूथ त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. त्यांच्या हातातल्या लाकडाकडं नाही, मागं फळीवर मांडलेल्या पॅटर्नकडं बघत होती. तिथं जो नसायला हवा होता तो पंपाचा पॅटर्न मी सकाळीच कपाटात टाकून कुलूप लावलं होतं.

ती पुढं गेल्यावर मिस्त्री हळूच म्हणाले, "बाई, ही पेपरवाली न्हवं. हिची नजर कामातली हाय."

दुसऱ्या दिवशी तिला घरी बसलेल्या माणसांना भेटायचं होतं. साहेबांनी ती तयारीही केली होती. शेजारच्या गावात तालमीच्या कट्ट्यावर बारा-पंधरा जण येऊन बसले होते, त्यात सुकुमार. मी साहेबांना म्हटलं होतं, त्याला नको. पण यादी सुपरवायझरनं केली होती.

रूथ प्रत्येकाला तेच विचारत होती. काय काम करत होता, ते कधी थांबलं, आता काय करता. मी मराठीत विचारायचे आणि उत्तर इंग्रजीत सांगायचे.

"दोन म्हशी हाईत. दूध घालतो डेरीला."

"भावाचा ट्रॅक्टर हाय, त्येच्यावर असतो."

"काय न्हाई. बसून हाय."

पाठ केल्यासारखं सगळे बोलत होते. मला त्यांची दया येत होती आणि रागही. लोखंड ओतताना ज्यांचा हात हलत नाही ती माणसं एका बाईसमोर खाली मान घालून चपलेनं माती उकरत होती.

सुकुमार शेवटी बसला होता. त्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याची खूण होती. चार दिवसांपूर्वीची, अजून लाल. रूथनं बोटानं दाखवलं.

"हे कशानं झालं?"

सुकुमारनं माझ्याकडं बघितलं. हा प्रश्न पाठातला नव्हता.

"गुऱ्हाळात," तो म्हणाला. "काहिलीतला रस उडाला, वहिनी."

मी सांगितलं, तो आता गूळ करतो, उकळता रस हातावर उडाला. शेवटचा शब्द मी गाळला.

रूथनं मान हलवली. "दुखतंय का विचारा त्यांना."

"न्हाई म्हणावं," सुकुमार म्हणाला, आणि बाही खाली ओढली.

परत येताना आम्ही हमरस्त्याला लागलो. दोन्हीकडं ऊस उभा होता. मग खिडकीबाहेर बघतच तिनं विचारलं, "वहिनी म्हणजे काय?"

मी पर्समधला रुमाल काढून चेहरा पुसला.

"त्यानं तो शब्द म्हटला. तुम्ही सांगितला नाहीत."

"मोठ्या बाईला आदरानं म्हणतात."

"बाकीचे तुम्हाला मॅडम म्हणत होते."

"ज्याची त्याची पद्धत."

"काल मी हॉटेलच्या मॅनेजरला विचारलं, इथं गूळ कसा करतात ते बघायला मिळेल का," ती म्हणाली. "ते म्हणाले, दिवाळीनंतर या. अजून एकही गुऱ्हाळ पेटलेलं नाही."

तिच्या आवाजात पकडल्याचा आनंद वगैरे नव्हता. ती दमलेली वाटत होती. पण मला त्याचंच जास्त भय वाटलं. ज्याला आनंद होत नाही तो माणूस बातमीसाठी आलेला नसतो.

तिला हॉटेलवर सोडलं आणि साहेबांचा फोन आला.

"मगदूम बाई, ती पेपरवाली नाही. मुंबईच्या पिंटोंनी चौकशी केली." पिंटो म्हणजे मॅक्रिडीचं काम आम्हाला मिळवून देणारे एजंट. "जो पेपर ती सांगते तो दोन वर्षांपूर्वीच बंद पडलाय. आपण नाव बघितलं आणि विश्वास ठेवला."

"मग कोण आहे?"

"एक तर गव्हर्नरच्या विरोधी पक्षानं पाठवलीय. नाहीतर मॅक्रिडीनंच पाठवलीय, आपल्याकडं कोण तोंड उघडतंय ते बघायला. दोन्हीकडून आपण मेलो. उद्या तिला पुण्याच्या बसमध्ये बसवा. पण त्याआधी कोण आहे ते काढून घ्या. तुम्ही बाईमाणूस, तुमच्याशी बोलेल."

त्या रात्री जेवताना सुकुमारनं विचारलं, "माझं काय चुकलं का, वहिनी?" मी नाही म्हटलं. जाऊबाई आमटी वाढता वाढता थांबल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलच्या व्हरांड्यात गेले. रूथ बिनदुधाचा चहा घेत होती. मी बसले आणि तोंडावरच बोलले.

"तुमचा पेपर बंद पडलाय."

"हो," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी तिथं होते. बंद पडला."

"मग तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"तुम्हीही मला वाळूचं खोटंच सांगितलंत."

तिनं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. कागदावर पेन्सिल आडवी घासलेली होती, नाण्यावर कागद ठेवून मुलं घासतात तशी. करड्या रंगात दहा पांढरे ठिपके, दोन दोनच्या जोड्यांत, एका ओळीत.

मी बघताक्षणी ओळखलं. पितळी अक्षरं पॅटर्नवर बसवताना प्रत्येकाला दोन बारीक खिळे असतात. अक्षर काढलं की भोकं राहतात. लांबी भरली तरी ती वाळल्यावर थोडी आत बसते, आणि प्रत्येक कास्टिंगवर तेवढा टाचणीच्या डोक्याएवढा खळगा उमटतो. इंग्रजीत इंडियाची पाच अक्षरं, दहा खिळे. मी ते कास्टिंग जूनपासून पास करत होते आणि माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"मी रोज बघते," रूथ म्हणाली. "मी मॅक्रिडीत रंग मारते. पेपर बंद झाल्यावर वर्षभर घरी होते. या वसंतात नोकरी लागली. गव्हर्नर ज्या चारशे बारा म्हणतात ना, त्यातली एक मी."

मी तो कागद माझ्याकडं ओढून घेतला.

"आमच्याकडं भट्टी आहे. नवी. पाहुण्यांना दाखवतात. मी लागल्यापासून ती पेटलेली एकदाही बघितली नाही. कास्टिंग पेट्यांतून येतं. आम्ही रंग मारतो, जोडतो, पाटी लावतो. विचारलं तर सांगतात, सध्या दुसऱ्या कारखान्यातून येतंय, आपली भट्टी लवकरच सुरू होईल. एक दिवस जुन्या मालात एक कास्टिंग सापडलं, त्यावर इंडिया लिहिलेलं. मी दोन्ही शेजारी ठेवून घासून बघितलं."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीतच होतं. मग एवढ्या लांब कशाला आलात?"

"तो माझा अंदाज होता. अंदाजावर मी बावीस वर्षांत एक बातमी दिली नाही." तिनं कप बाजूला सरकवला. "गव्हर्नरच्या माणसांनी मला बोलावलंय. टीव्हीवरच्या जाहिरातीत उभं राहायला. एकच वाक्य आहे, त्यांच्यामुळं मला काम मिळालं. तिकडं रोज तज्ज्ञ लोक भांडतात, त्याच्या काळात बेकारी किती घटली, किती वाढली, आकडे खरे की खोटे. ते मला ठरवता येत नाही. मला एकच नोकरी तपासता येते. माझी. ती तपासल्याशिवाय मी ते वाक्य कसं म्हणू?"

"गव्हर्नरला माहीत असेल?"

"कुणास ठाऊक. मला वाटतं त्यांनी विचारलं नसेल. विचारलं नाही की माहीत नसतं."

व्हरांड्यासमोर एक माळी गवतावर पाणी मारत होता. मी त्याच्याकडं बघत बसले.

"मला कागद नको, फोटो नको," ती म्हणाली. "तुम्ही फक्त सांगा. मी हे कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर तुमची माणसं जातील आणि आमचीही. माझ्या भावाचा मुलगा तिथं पॅकिंगला आहे. मी फक्त त्या जाहिरातीत उभी राहणार नाही. का म्हणून विचारलं तर घसा बसलाय म्हणेन."

"आणि मत कुणाला देणार?"

"ते घरी गेल्यावर बघेन," ती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

मी सांगितलं. काम फेब्रुवारीत गेलं होतं ते खरं. जूनमध्ये परत आलं. आज लाइन बंद आहे ती तुमच्यासाठी. शहाऐंशी माणसं आहेत. ज्याचा हात भाजलाय तो माझ्या नवऱ्याचा भाऊ.

"वहिनी," ती म्हणाली. तिला अर्थ कळला होता.

बसपाशी तिनं वही काढली, लिहिलेली सगळी पानं फाडली आणि माझ्या हातात दिली. "ही तुमच्याकडं असू द्या." मग हात पुढं केला. तिचा तळवा खरखरीत होता, नखांच्या कडेला निळा रंग बसलेला. मॅक्रिडीचे पंप निळे असतात.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. दिवाळी झाली. नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि टॅलमन हरला. का हरला यावर तिकडं बरंच लिहून आलं. भलत्याच एका भाषणात त्याची जीभ घसरली म्हणत होते. पंपाचं नाव कुठं नव्हतं. आमच्या ऑर्डरवर काही परिणाम झाला नाही.

डिसेंबरात पिंटो आले. साहेबांच्या केबिनमध्ये मी कागद घेऊन गेले होते.

"ह्याच का त्या मॅडम?" पिंटो म्हणाले. "थँक्यू हं. तुम्ही वेळेवर नाव दिलंत म्हणून. ती बाई तिकडं पोचायच्या आधीच तिचा गेटपास बंद झाला होता. विमानातून उतरली आणि नोकरी नाही."

"मग तिनं आरडाओरडा केला असेल," साहेब म्हणाले.

"तीच तर गंमत. एक शब्द नाही. आम्ही सगळे निवडणुकीपर्यंत जीव मुठीत धरून बसलो होतो. टीव्हीवाले तिच्या घरीसुद्धा गेले होते, जाहिरातीतून नाव का काढलं म्हणून विचारायला. तेव्हा काय म्हणाली माहितीय? घसा बसला होता."

दोघं हसले. माझ्या हातातले कागद मी टेबलावर ठेवले. कुठं सही करायची ते साहेबांना दाखवलं आणि खाली आले.

त्या तिसऱ्या दिवशी तिला बसमध्ये बसवून मी हॉटेलच्या त्याच टॅक्सीनं फौंड्रीकडं निघाले होते. अर्ध्या तासाचा रस्ता. निघताना माझा तिच्यावर विश्वास होता. वाटेतल्या पुलापर्यंत मला वाटू लागलं की पेपरचं खोटं सांगणारी बाई हेही खोटं सांगत असेल. रंग काय, नखाला लावूनसुद्धा येता येतं. फाडून दिलेली पानं हीच खरी पानं कशावरून? आणि सगळ्यांचं झाल्यावर पानावर बसणारा सुकुमार जिनं बघितला नाही अशा बाईला त्याचं ताट काय कळणार, ती जाऊन बोलेलच. एमआयडीसीचा फाटा आला तोवर माझी खात्री झाली होती. मी जिना चढून वर गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. तिचं नाव खरंच आहे, ती मॅक्रिडीतच रंग मारते, जाहिरातीसाठी तिला निवडलंय. वहीची पानं मी त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी माझ्यासमोरच पिंटोंना फोन लावला होता.

ती पानं मी वाचलीही नव्हती. साहेबांनी वाचली. मला नंतर म्हणाले, फार काही नाही हो त्यात, माणसांची नावं आहेत आणि कोण काय म्हणालं ते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर फौंड्रीच्या आवारात साहेबांनी माझा सत्कार केला. शाल, नारळ. कशाबद्दल ते उघड सांगितलं नाही. एका अवघड वेळी मगदूम बाई मिठाला जागल्या, फौंड्री वाचवली, एवढंच म्हणाले. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. लाइनवरची माणसं मनापासून टाळ्या वाजवत होती. सुकुमार सगळ्यात पुढं होता.

कार्यक्रम संपल्यावर मी पॅटर्न शॉपमध्ये गेले. ईश्वरा मिस्त्री सुट्टी असूनही बाकड्यावर बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं, व्हरांड्यातलं, टॅक्सीतलं आणि पिंटोंचं.

"म्हंजे तुमी सांगितलं नसतं तरी ती बोलणार न्हवती," ते म्हणाले.

"नोकरी गेली तरी बोलली नाही ती."

"मग फौंड्री वाचवली कुणी?"

मी शाल घडी करत होते. मिस्त्रींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"तुमच्या जागी मी असतो तर मीबी सांगितलं असतं," ते म्हणाले. "शहाऐंशी घरं हाईत. पर तिला कळवा. कुणी सांगितलं ते ठावं नसलं तर माणूस सगळ्या जगावर डूख धरून बसतंय. तिला एका नावावर धरू द्या."

भैरवीत ते काम आणखी सहा वर्षं चाललं. मग ते खरोखरच गेलं, अमेरिकेला नव्हे, दुसरीकडंच कुठंतरी. तोवर मी तपासणी विभागाची प्रमुख झाले होते. सुकुमारनं वेल्डिंगचं दुकान टाकलं, ते आजही बरं चालतं. मिस्त्री ते काम जायच्या आधीच वारले.

रूथला मी सत्काराच्याच आठवड्यात पत्र लिहिलं होतं. तीन वेळा लिहिलं. पहिल्या दोन्हींत मी कारणं दिली होती, ती फाडली. तिसऱ्यात फक्त काय केलं ते लिहिलं, आणि खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. तिच्या घराचा पत्ता तिनं पहिल्याच दिवशी गेटवरच्या नोंदवहीत लिहिला होता. पाकिटाच्या मागच्या बाजूला मी माझाही पत्ता घातला, पोस्टमास्तरांना विचारून, म्हणजे पोचलं नाही तर परत येईल.

उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही.